रंगमंचावरून कॅमेऱ्यासमोर: किशोरवयीन मुलांना नाटक कुठे कामी येतं, कुठे आड येतं

तिसरी घंटा

'मुलगा नाटकात काम करतो, आता त्याला सिनेमा-मालिकेत जायचंय, नाटकाचा उपयोग होईल का?' हा प्रश्न वरचेवर येतो आणि त्याला दोनच ठरलेली उत्तरं मिळतात. 'नाटक हा पाया आहे, बाकीचं आपोआप जमतं' हे एक. 'नाटकवाले कॅमेऱ्यासमोर भडक करतात, आधी ते विसरायला लावा' हे दुसरं. दोन्हींतून मुलाच्या हाती काही लागत नाही. म्हणून १३ ते १८ हा वयोगट डोळ्यासमोर ठेवून तपशिलात लिहिते. जाणकारांनी भर घालावी, पण 'मेहनत करा' एवढ्यावर थांबू नये. काय करायचं, किती वेळ, कुठे चुकतं ते लिहावं.

लोकांना वाटतं नाटकाने आवाज मिळतो, धिटाई मिळते. मिळते, पण सेटवर तिचं मोल कमी. खरा उपयोग तालमीत लागलेल्या एका सवयीचा होतो: तीच गोष्ट, त्याच शब्दावर, त्याच जागी, पुन्हा पुन्हा आणि तरीही ताजी करता येणं.

एक साधा प्रसंग घ्या. मुलगी टेबलाशी बसली आहे, समोर पाण्याचा पेला. वाक्य आहे, 'मी गेले होते, पण तो भेटलाच नाही.' 'पण' या शब्दावर ती पेला उचलते, 'नाही' संपल्यावर घोट घेते, समोरच्याचं वाक्य सुरू झालं की खाली ठेवते. हा प्रसंग आधी वाइडमध्ये (लांबून, सगळे दिसतील असा) होईल, मग समोरच्याच्या खांद्यावरून, मग तिचा क्लोजअप, मग समोरच्याचा क्लोजअप. प्रत्येकाचे तीन-चार टेक (तेच पुन्हा चित्रित करणं) धरले तरी पेला १२ ते १६ वेळा उचलला जातो. एका टेकमध्ये तो 'गेले होते'वर उचलला आणि दुसऱ्यात 'भेटलाच'वर, तर संकलनात ते दोन तुकडे जोडता येत नाहीत. चांगला टेक बाद होतो तो अशा कारणाने, रडू कमी आल्यामुळे नाही. नाटकात हालचाल संवादाला बांधायची सवय झालेल्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पेला कुठल्या हातात होता, किती भरलेला होता, हे त्यांच्या अंगात राहतं.

दुसरा उपयोग ऐकण्याचा. नाटकात समोरच्याने वाक्य गाळलं तरी प्रयोग थांबत नाही, म्हणून मूल समोरच्याकडे कान लावून उभं राहायला शिकतं. पडद्यावर बराच वेळ ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो. स्वतःच्या वाक्याची वाट पाहत उभं राहिलेलं मूल क्लोजअपमध्ये लगेच ओळखू येतं: समोरच्याचे शेवटचे दोन शब्द यायच्या आत त्याचा श्वास वर जातो.

आता आड काय येतं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची सवय. यावर नवशिक्यांना हमखास मिळणारी सूचना म्हणजे 'कमी कर'. माझ्या मते मुलांना देण्यातली ही सगळ्यात वाईट सूचना आहे. कमी करायला सांगितलं की मूल आवाजाबरोबर विचारही कमी करतं, डोळे विझतात, आणि चेहरा कोरा म्हणजेच नैसर्गिक असा समज होऊन बसतो. 'कमी कर'ऐवजी अंतर बदलायला सांगा. तोच उतारा १५ मीटरवरच्या माणसाला सांग, मग तीन मीटरवरच्या, मग हाताच्या अंतरावर बसलेल्याला. प्रत्येक वेळी खराखुरा माणूस तिथे उभा करा, कल्पनेतला नको. फोनवर तिन्ही चित्रित करा: पहिला पूर्ण अंगाचा, दुसरा कमरेपासून वर, तिसरा खांद्यापासून वर. आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं पुरे. सांगण्याची गरज तेवढीच राहते, ती पोचवण्याचं अंतर बदलतं. हे मुलांना सांगून कळत नाही, दोन-तीन आठवडे करून कळतं.

कातरकाम

फार गरजेचा धागा. संकलनाच्या टेबलावरून जे दिसतं ते लिहितो.

नाटकातल्या मुलांची एक सवय आम्हाला फार छळते. समोरच्याच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवणं. रंगमंचावर भांडणाच्या प्रवेशात ते शोभून दिसतं. चित्रीकरणात क्लोजअप एकाचा असतो आणि दुसऱ्याचा आवाज कॅमेऱ्याबाहेरून येतो. दोन्ही आवाज एकमेकांवर चढले की माझ्याकडे स्वच्छ ध्वनी उरत नाही आणि कट कुठेच टाकता येत नाही. म्हणून क्लोजअपमध्ये समोरच्याचं वाक्य संपू द्यावं, मध्ये केसभर फट ठेवावी आणि मग बोलावं, भले प्रसंगाचा वेग कितीही असो. वेग मी टेबलावर वाढवू शकतो, चढलेले आवाज सोडवू शकत नाही. दोघेही एकाच फ्रेममध्ये असतील तेव्हा चढवायला हरकत नाही, तेही दिग्दर्शकाला विचारून.

दुसरं, 'अ‍ॅक्शन' म्हटल्यावर लगेच बोलू नये. एक विचार मनात येऊ द्यावा, मग पहिला शब्द. 'कट' ऐकू येईपर्यंत भूमिकेत राहावं. वाक्य संपल्याबरोबर मुलं कॅमेऱ्याशेजारच्या माणसाकडे 'जमलं का?' म्हणून बघतात. वाक्यानंतरचे ते दोन सेकंद अनेकदा त्या शॉटमधले सगळ्यात कामाचे असतात आणि ते त्या नजरेपायी जातात. नाटकात अंधार होईपर्यंत जागा सोडायची नाही हे अंगवळणी पडलेलं असतं, तीच सवय इथे आणायची.

लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग मुलांना जरूर सांगावा. मोझुखिन या नटाच्या त्याच एका निर्विकार चेहऱ्याला त्याने एकदा सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटी. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा शोक. मुलांसाठी याचा अर्थ असा की प्रसंग, आधीचा शॉट आणि समोरचा माणूस मिळून अर्धं काम करतात, चेहऱ्याने भावना 'सांगायची' गरज नाही. पण यातून चेहरा मख्ख ठेवायचा असा अर्थ काढू नये. विचार चालू हवा, त्याची जाहिरात नको.

पाठांतर

छान धागा. एक विचारते: भडक दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं? मुलांना नुसतं 'भडक' म्हटलं की ती रडकुंडीला येतात, त्यांना काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही.

तिसरी घंटा

बरोबर प्रश्न. ठरलेल्या जागा आहेत, एकेक तपासता येते.

कपाळ. जोर द्यायच्या प्रत्येक शब्दावर भुवया वर जातात. कपाळावर आडवी पारदर्शक चिकटपट्टी लावून उतारा म्हणायला सांगा. भुवई उचलली की पट्टी ओढली जाते आणि मुलाला स्वतःलाच कळतं. पट्टी सवय लक्षात आणून देण्यापुरती, पाच मिनिटं. कपाळ गोठवायचं नाहीये.

मान. दर जोराच्या शब्दाला मान पुढे येते. डोकं भिंतीला टेकवून तोच उतारा म्हणा. जोर मानेतून निघून शब्दात जातो. यामागे तांत्रिक कारणही आहे. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर १.८, नट दीड मीटरवर, अशा मांडणीत फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर असते. मान चार सेंटीमीटर पुढे आली की डोळे धूसर. फोकस सांभाळणारा आधी ठरलेली हालचाल पकडू शकतो, अचानक आलेली मान नाही.

उघडं उभं राहणं. रंगमंचावर समोरच्याशी बोलताना अंग प्रेक्षकांकडे वळवून ठेवतात. कॅमेऱ्यासमोर ते खोटं दिसतं. इथे माणसाशी बोलायचं तर माणसाकडे वळायचं, कॅमेरा आपली जागा शोधतो. छायाचित्रकाराने मुद्दाम थोडं वळायला सांगितलं तरच वळायचं, आणि नेमकं किती ते लक्षात ठेवायचं.

शब्दाचं चित्र काढणारे हात. 'दूर' म्हटलं की हात लांब, 'मी' म्हटलं की हात छातीवर. फ्रेम छातीपासून वर असेल तर हात दिसतच नाहीत, नुसते खांदे उडताना दिसतात.

आणि सगळ्यात चिवट म्हणजे वाक्याची ठरून गेलेली चाल. वीस तालमींत एकाच सुरात म्हटलेलं वाक्य त्या सुरातून बाहेर येत नाही. त्यावर उपाय पाठांतराच्या वेळीच करावा लागतो. सॅनफर्ड माइझनर हे अभिनयशिक्षक संवाद आधी सपाट, भावनेशिवाय, यांत्रिकपणे पाठ करायला लावत, ते याचसाठी. शब्द पक्के, सूर मोकळा. मुलांनी कपडे घडी घालताना, जिना चढताना, चेंडू झेलताना सपाट पाठ करावं. शब्द अडखळले तर पाठांतर कच्चं आहे. कॅमेऱ्यासमोर हातात काम आल्याबरोबर ते तिथेही अडखळणार.

बूमखाली

ध्वनीच्या बाजूचं थोडं.

लेपल माइक, म्हणजे अंगावर लावायचा छोटा माइक, हनुवटीखाली एक वीतभर, छातीवर कपड्याच्या आत असतो. तिसरी घंटा यांनी लिहिलेला छातीवरचा हात आमच्याकडे 'धप्प' असा येतो आणि वाक्य वाया जातं. मिठीच्या, झटापटीच्या, छाती बडवण्याच्या शॉटआधी ध्वनिमुद्रकाला सांगावं, तो माइकची जागा बदलतो.

किंचाळी किंवा ओरडणं असेल तर तालमीत एकदा खऱ्या आवाजात करून दाखवावं. मुलं तालमीत लाजून हळू करतात, टेकमध्ये नाटकाच्या आवाजात सोडतात, आणि ध्वनी फाटतो. फाटलेला ध्वनी धड दुरुस्त होत नाही.

उलट टोकही तितकंच वाईट. 'कॅमेऱ्यासमोर हळू बोलायचं' हे कुणीतरी सांगितलेलं असतं, मग मुलं पुटपुटतात. दोन माणसांत खोलीत बोलण्याइतका आवाज हवाच. शब्दांचे शेवट नाटकातल्याइतकेच स्पष्ट हवेत. आवाज कमी झाला म्हणून उच्चार ढिले होता कामा नयेत, आणि नाटकाची मुलं इथे खरोखर उजवी ठरतात.

रिकामी खुर्ची

माझं मत थोडं वेगळं आहे. कॅमेऱ्याचं काम शिकताना निदान सहा महिने नाटक पूर्ण बंद ठेवावं. दोन्ही सवयी एकदम चालू राहिल्या की मूल गोंधळतं. एका संध्याकाळी 'शेवटच्या रांगेपर्यंत पोच', दुसऱ्या दिवशी 'समोरच्यापुरतं बोल'. प्रौढ नट हा बदल करू शकतो, चौदा वर्षांचं मूल नाही.

तिसरी घंटा

रिकामी खुर्ची, तुमची काळजी समजते, पण मी असहमत आहे. हे दोन भाषा शिकण्यासारखं आहे. मुलं वर्गात एक बोलतात, मैदानावर एक, आणि गल्लत करत नाहीत. गल्लत होते ती आपण कुठल्या अंतरावर आहोत हे न सांगितल्यामुळे. अंतराचा सराव चालू असेल तर नाटक थांबवायचं कारण नाही.

शिवाय थांबवलं तर मोठी गोष्ट हातची जाते. चित्रपटाच्या सेटवर दिवसभर राबून हाती दोन-तीन मिनिटांचं काम लागतं, आणि मुलाच्या वाट्याला त्यातले काही सेकंद. अभिनय करायला मिळतो किती? नाटकात दोन तास सलग मिळतो, समोर माणसं असतात, आणि चुकलं की तिथल्या तिथे कळतं. किशोरवयीन मुलाला इतका सराव दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

मात्र कुठलं नाटक, हे बघावं. पाच नाटकांचा एकेक प्रयोग करण्यापेक्षा एका भूमिकेचे १५ प्रयोग जास्त शिकवतात, कारण सातव्या-आठव्या प्रयोगाला ताजेपणा संपतो आणि तो परत कसा आणायचा हे तिथून पुढे शिकावं लागतं. बाराव्या टेकला नेमकं तेच लागतं. दोन-तीन रांगांच्या छोट्या जागेत, माइकशिवाय होणारं नाटक मिळालं तर सोडू नये. कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळचं नाटक ते. याउलट जिथे फक्त परीक्षकांसाठी एकदाच, जोरात, ठसवायचं असतं, तिथून सवयी बिघडून येतात.

रिकामी खुर्ची

छोट्या जागेचा मुद्दा पटला. मोठ्या प्रेक्षागृहात एकाच प्रयोगासाठी महिनाभर तालीम, असं काम माझ्या डोळ्यासमोर होतं. त्याबाबत मत कायम आहे.

कातरकाम

एक राहिलं: मार्क. जमिनीवर चिकटपट्टीची टी-आकाराची खूण असते, चालत येऊन नेमकं तिच्यावर थांबायचं आणि खाली बघायचं नाही. युक्ती सोपी आहे. खुणेवर उभं राहा, तिथून तालमीइतक्याच वेगाने उलटं चालत सुरुवातीच्या जागी जा, पावलं मोजा. तेवढीच पावलं पुढे. शिवाय डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणारी एखादी वस्तू, खुर्चीचा हात किंवा दाराची चौकट, खुणेच्या रेषेत धरून ठेवा. रंगमंचावर प्रकाशझोत कुठे गरम लागतो ते चेहऱ्याला कळतं, ती जाणीव इथेही मदत करते.

पाठांतर

ऑडिशनबद्दल लिहाल का कुणी? हल्ली पहिली फेरी घरून व्हिडिओ पाठवूनच होते.

विंगेतून

लिहितो, कारण सेल्फ टेपमध्ये, म्हणजे घरून पाठवलेल्या ऑडिशनच्या व्हिडिओत, चांगली मुलं अभिनयाशिवायच्या कारणांनी मागे पडतात.

फोन आडवा, ट्रायपॉडवर, लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मागचा कॅमेरा वापरा, सेल्फीचा नको. अंतर दीड ते दोन मीटर. फ्रेम छातीपासून वर, डोक्यावर थोडीच जागा. रिझोल्यूशन १०८० पुरे, मागितल्याशिवाय ४के नको, फाइल अकारण जड होते. चित्रीकरणाआधी पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर मुलगा हलला की मध्येच चेहरा उजळतो-काळवंडतो. पार्श्वभूमी एकरंगी, मुलगा भिंतीपासून एक-दीड मीटर पुढे, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही. खिडकी मुलाच्या समोर असावी, पाठीमागे कधीच नाही. दिव्याने करायचं तर दोन दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, डोळ्यांच्या पातळीच्या थोडे वर. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कॅमेऱ्यामागे जाड पडदा किंवा रजई टांगा. पंखा बंद.

आता नजर. समोरचे संवाद वाचणाऱ्याने लेन्सला लागून, एका बाजूला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावं. जितकं लेन्सजवळ तितके मुलाचे दोन्ही डोळे दिसतात. वाचणारा फार बाजूला सरकला की मुलाचा चेहरा वळतो, डोळे नीट दिसत नाहीत आणि सगळं काम वाया जातं. थेट लेन्समध्ये बघायचं ते फक्त ओळख सांगताना.

वाचणारे बहुतेक वेळा आई किंवा बाबा असतात, आणि चुका तिथेच होतात. ते फोनच्या जवळ असल्यामुळे त्यांचा आवाज मुलापेक्षा मोठा येतो, म्हणून त्यांनी हळू बोलावं. अभिनय करू नये, पण सपाटही वाचू नये, अर्थ कळेल इतपत. मुलाचं वाक्य ओठांनी पुटपुटू नये. मुलाची नजर लगेच तिथे जाते आणि कॅमेऱ्याला ते दिसतं. दोन टेकच्या मध्ये सूचना एकच द्यावी. 'हातही खाली ठेव, हसही थोडं, आणि ते वाक्य हळू' अशा तीन सूचना एकदम दिल्या की पुढच्या टेकमध्ये मूल सूचना करून दाखवतं, प्रसंग उरत नाही.

तालीम अर्धा तास, चित्रीकरण पाच-सहा टेक, पाठवायचे एक किंवा फार तर दोन, आणि दोन पाठवले तर ते एकमेकांपासून वेगळे हवेत. ओळखीत नाव, वय, उंची, मग डावी-उजवी बाजू आणि एक पूर्ण उंचीचा शॉट. मागितलं असेल त्याच क्रमाने, मागितलं असेल त्याच नावाने फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जाऊन दर्जा उतरतो. लिंक किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रीलबद्दलही, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओबद्दलही सांगतो. मागच्या रांगेतून घेतलेलं नाटकाचं चित्रीकरण रीलमध्ये घालू नका. त्यात चेहरा दिसत नाही आणि आवाज मोठा वाटतो, म्हणजे ज्याची शंका घेतली जाते नेमकं तेच दिसतं. त्याऐवजी दोन ताजे तुकडे, प्रत्येकी ४५ सेकंदांचे, घरी वरच्या पद्धतीने चित्रित करा: एक शांत, एक हलका. त्यात एक तरी दोघांचा प्रसंग असू द्या, म्हणजे ऐकणं दिसतं. नाटकांची माहिती कागदावर द्या: भूमिका, नाटक, दिग्दर्शक, किती प्रयोग. तीस नावांची यादी कुणी वाचत नाही, पाच-सहा पुरेत. कौशल्यं लिहाल ती त्या क्षणी करून दाखवता येतील अशीच लिहा. पोहता येतं असं लिहून सेटवर पाण्याशी थांबणं धोक्याचं आहे.

फोटो या वयात दर सहा महिन्यांनी बदला. चेहरा झपाट्याने बदलतो. फिल्टर, जास्त मेकअप नको. फोटोतलं मूल आणि दारातून आत आलेलं मूल एकच दिसलं पाहिजे.

पाठांतर

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. प्रत्यक्ष ऑडिशनला ऐनवेळी कागद दिला तर?

विंगेतून

कागद छातीच्या उंचीवर धरायचा, मांडीवर नाही, म्हणजे चेहरा खाली जात नाही. खाली बघून एक अर्थपूर्ण तुकडा उचलायचा, वर बघायचं आणि मगच बोलायचं. समोरचा बोलत असताना पुढचं वाक्य वाचायचं नाही, ऐकायचं. आपली पाळी आली की खाली बघायला दोन क्षण लागले तरी चालतात. पाठ झालं असलं तरी कागद हातात ठेवा. पहिल्या वाचनानंतर 'आता हेच वेगळ्या पद्धतीने कर' म्हटलं जातं. ती नापसंती नसते. मूल सूचना घेतं का, हे त्यांना बघायचं असतं. तालमीत दिग्दर्शकाच्या टिपा घेऊन दुसऱ्या दिवशी बदल करून दाखवणारी मुलं इथे पुढे जातात. नुसता आवाज वाढवून किंवा घटवून 'वेगळं' होत नाही, समोरच्याकडून काय हवंय ते बदला: आधी माफी हवी होती, आता त्याने निघून जायला हवंय.

मधलं पान

क्रम उलटसुलट असतो त्याचं काय? नाटकात भूमिका चढत जाते. सेटवर शेवट पहिल्या दिवशी.

तिसरी घंटा

इथेही नाटकाची मुलं सरस, कारण पूर्ण आलेख एका दमात पार करायची सवय त्यांना असते. फक्त तो कागदावर आणावा लागतो. वहीत प्रत्येक प्रसंगाला एक ओळ: प्रसंग क्रमांक, कथेतला दिवस आणि वेळ, लगेच आधी काय घडलं, कुठून चालत आले, शरीर कसं आहे (धावून आलेलं, उपाशी, झोप न झालेलं), या क्षणी काय माहीत आहे आणि काय अजून माहीत नाही. शेवटचा रकाना मुलं गाळतात आणि तिथेच चुकतात. भावाला अपघात झाल्याचं तिला प्रसंग ४०मध्ये कळतं, चित्रीकरण मात्र ४१चं आधी झालं, मग ३९ करताना चेहऱ्यावर नको ते ओझं येतं. शॉटच्या आधी ती ओळ वाचायची, वही बाजूला, मग जागेवर.

ऊर्जेचंही सांगते. वाइडमध्ये सगळं रडून टाकलं की तीन तासांनी क्लोजअपला काही उरत नाही. वाइडमध्ये हालचाली आणि लय अचूक ठेवायची, रडण्याचं शिखर राखून. पण समोरच्याचा क्लोजअप चालू असताना, आपण कॅमेऱ्याबाहेर असताना, पूर्ण मनापासून करायचं. तिथे हात आखडता घेणारं मूल सगळ्यांच्या लक्षात राहतं.

मधलं पान

आणि रडणं? मुलांना 'तुझ्या आयुष्यातलं दुःख आठव' असं सांगतात, ते मला फार खटकतं.

तिसरी घंटा

खटकायलाच हवं. स्वतःच्या जखमा उकरून रडणं किशोरवयात तर करूच नये. ते सांभाळायला मन तयार नसतं, आणि चौथ्या टेकला ती आठवण बोथट होते. स्तानिस्लावस्की या रशियन नाट्यदिग्दर्शकांनीही सुरुवातीला भावस्मृतीवर, म्हणजे स्वतःच्या जुन्या भावना आठवण्यावर, भर दिला, पण नंतरच्या काळात ते शारीरिक क्रियांच्या पद्धतीकडे, म्हणजे आधी कृती करून भावनेकडे जाण्याकडे, वळले. मुलांसाठी तोच रस्ता: रडू आणण्याचा नाही, रडू थोपवण्याचा प्रयत्न करायला सांगा. घसा आवळून, श्वास धरून, पिशवीची गाठ सोडवत राहायचं आणि वाक्य पूर्ण करायचं. पाणी आलं तर आलं, नाही तर मेकअपवाल्यांकडे डोळ्यांचे थेंब असतात, त्यात कमीपणा काही नाही. जड प्रसंगानंतर मुलाला भूमिकेतून बाहेर काढा: कपडे बदल, तोंड धू, खऱ्या नावाने हाक मारा, पाच मिनिटं चालवा.

विंगेतून

पालकांसाठी. ऑडिशनचे, नोंदणीचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. 'आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ काढा, मग काम देतो' हाही तोच प्रकार. एजंटचा वाटा मिळालेल्या कामातून जातो, आधी नाही. अल्पवयीन मुलाची ऑडिशन बंद खोलीत एकट्याची नको, पालक नजरेच्या टप्प्यात हवेत. कमी कपड्यांतले फोटो 'शरीरयष्टी बघायला' म्हणून मागितले तर बोलणं तिथेच संपवा. करारात तीन गोष्टी शोधा: किती काळ दुसरीकडे काम करायला बंदी आहे, रोजचे तास आणि विश्रांती किती, पैसे कुणाच्या खात्यात जाणार. हे शेवटचं किरकोळ नाही. जॅकी कूगन या बालनटाची कमाई मोठं होईपर्यंत घरच्यांनीच संपवली होती. त्याने दावा लावला आणि त्यातून १९३९ साली कॅलिफोर्नियात मुलांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला. तुमच्याकडे जो नियम लागू आहे तो सही करण्याआधी वाचा.

आणखी एक, कारण मुलं हे मनाला लावून घेतात. १५-१६ वर्षांच्या भूमिकेला १८ पूर्ण झालेले, लहान दिसणारे नट घेतले जातात, कारण अल्पवयीनांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असते. नकाराचा अभिनयाशी संबंध नसतो असं अनेकदा होतं. उंची जुळली नाही, पडद्यावरच्या आईशी चेहरा जुळला नाही, एवढंही कारण पुरतं.

पाठांतर

शेवटचा प्रश्न. आवाज फुटायच्या वयातल्या मुलांनी काय करावं? आणि दातांना तारा असतील तर?

बूमखाली

तारांचं आधी. फोटोत आणि टेपमध्ये तारा दिसू द्या, लपवू नका. त्या वयाच्या भूमिकेला त्या शोभतात. नव्या लावल्या असतील तर स-श-झ घसरतात, म्हणून रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन, पेन्सिल दातांत धरून वगैरे नको, साधं वाचन. ऑडिशन आणि चित्रीकरण यांच्या मधल्या काळात तारा काढणार किंवा लावणार असाल तर कळवून ठेवा, कंटिन्युइटीचा, म्हणजे सगळ्या शॉटमध्ये सारखं दिसण्याचा, प्रश्न असतो.

आवाजाचं: त्या काळात वरच्या पट्टीत ओरडायला लावू नका, नाटकातही नाही. दिग्दर्शकाला सांगून ओरडण्याच्या जागी श्वास आणि उच्चाराने काम काढा. घसा बसला तर कुजबुजूनही बोलू नका, बऱ्याच जणांचा घसा त्यानेही ताणला जातो. गप्प बसणं चांगलं. पाणी थोडं थोडं, दिवसभर. कॅमेऱ्यासमोर आवाज मध्येच चिरकला तर थांबायचं नाही, माफी मागायची नाही, वाक्य पुढे न्यायचं. पात्रही त्याच वयाचं असतं, तो टेक ठेवला जाऊ शकतो. आणि दोन-तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर तालीम आवाजाशिवाय, फक्त हालचालींची.